डिसेंबरातलं वाळवण

खद्राला मी फोनवर जे बोलले ते बोलायला नको होतं, असं माझी मुलगी इफ्रा म्हणते. मी म्हणते, बोलायलाच हवं होतं. फक्त जूनमध्ये बोलायला हवं होतं. नोव्हेंबरात बोलले, तिथे फसले.

खद्रा म्हणजे माझी विहीण. तेव्हा अजून व्हायची होती. राहते हेलसिंकीत, आणि आपण हेलसिंकीत राहतो हे ती कोणाला दोन वाक्यांच्या पलीकडे विसरू देत नाही. तिचा गुलेद तिकडे इस्पितळात नर्स आहे. मुलगा गुणी, आईवर गेलेला नाही. त्याला रजा डिसेंबरच्या शेवटी मिळत होती म्हणून लग्न तेव्हाचं ठरलं. सगळं गोडीत चाललं होतं, आणि फोन ठेवता ठेवता बाई म्हणाल्या, "आणि हो अंबरो, हेढोच्या मांसाचं मनाला लावून घेऊ नका हं. तुमच्या औलूत बिचारा सूर्यच उगवत नाही, तुम्ही तरी कशात वाळवणार! इथे हेलसिंकीत दुकानात तयार मिळतं. बरणीत. मीच आणून ठेवते."

बरणीत!

मी म्हटलं, "विहीणबाई, माझ्या मुलीचा हेढो माझ्या हातचा असेल. मी कापलेलं मांस, माझ्या दोरीवर वाळलेलं. ओव्हनमधलं नाही आणि बरणीतलं तर नाहीच नाही. आम्ही बुरओची माणसं आहोत." आणि फोन ठेवला. फार छान ठेवला. मग खिडकीबाहेर बघितलं. बाहेर आमचं उन्हातलं मूळ गाव बुरओ नव्हतं, फिनलंडच्या उत्तरेकडचं औलू होतं. दुपारचे तीन वाजले होते आणि रस्त्यावरचे दिवे केव्हाच लागले होते.

आमच्यात लग्नानंतर सातव्या दिवशी मुलीच्या आईकडून हेढो जातो. बुडाला बसके पाय असलेलं मोठं लाकडी भांडं. आत मुक्मद, म्हणजे उन्हात खडखडीत वाळवून, चण्याएवढे तुकडे करून, तुपात वेलची-लसणाबरोबर तळलेलं मांस. त्यावर खजुराचा थर लिंपायचा, वर झाकण, झाकणावर रेशमी कापडं, आणि सगळ्याभोवती दोरी. ती दोरी अशी गुंडाळायची की भांडं नटलेल्या नवरीसारखं दिसलं पाहिजे आणि दोरीचं टोक कुठे दडवलंय ते एका आईला ठाऊक पाहिजे. मुलाकडच्या पुरुषांनी ते शोधायचं. चुकीच्या जागी हात लावला तर दंड, आणि दोरी कापली तर त्यांचं नाक कापलं. पण गाठी कितीही सुंदर असल्या तरी शेवटी लोक झाकण उघडून खातात, आणि पहिल्या घासाला मुलीच्या आईची किंमत ठरते.

आमच्यात आईला होयो म्हणतात, आणि आईही लेकराला लाडाने होयोच म्हणते. इफ्रा म्हणाली, "होयो, ओव्हनमध्ये ठेव ना. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"तू थोडीच खाणारेस!"

शिकलेल्या मुलींशी वाद घालू नये. ओव्हनमध्ये मांस भाजतं, वाळत नाही. वाळायला ऊन लागतं, वारा लागतो, आणि शेजारी बसून कावळे हाकलणारी एक म्हातारी लागते. माझ्या आईच्या अंगणात बाभळीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या असायच्या. त्यावर मांसाच्या लांब लांब पट्ट्या, मिठाने पांढरट झालेल्या. दुपारी त्यांच्या सावल्या जमिनीवर पट्टेरी पडायच्या, आणि मी त्या पट्ट्यांत झोपायचे. मला अजून झोप म्हटलं की तेच दिसतं. ते ओव्हनच्या काचेतून दिसत नाही.

बुरओला माझी बहीण एब्ला असते. तिला म्हटलं, तू वाळवून कोणाबरोबर तरी पाठव. पण तो रस्ताही बंद. माझी मैत्रीण दहाबो, तिच्या भाच्याने मागे आणलं होतं, तर विमानतळावर कस्टमवाल्याने हातमोजे घालून ते उचललं, जसा काही बॉम्बच. बाहेरच्या देशातलं मांस इथे आणता येत नाही म्हणे. माणसं चालतात, तीसुद्धा कागद बघून; मांस अजिबात नाही.

"बरं, निदान ऊन तरी दाखव," मी एब्लाला म्हटलं. तिने फोन अंगणातल्या भिंतीवर टेकवून ठेवला आणि कामाला गेली. मी बघत बसले. एक शेळी आली, गेली. भिंतीची सावली पायरीएवढी आखूड झालेली. कुठेतरी कोणीतरी हातोड्याने पत्रा ठोकत होतं. मी चहाचा कप हातात धरून तो पत्रा ऐकत होते, इतक्यात चित्र गेलं. एब्लाने मागून फोन केला. "फोन तापून बंद पडला गं. मेलं हे ऊन! नको नको झालंय."

बोलताना माणसाने समोरच्याच्या खिडकीकडे बघावं.

आता दहाबोचं सांगायला हवं, कारण पुढच्या निम्म्या अनर्थाला ती कारण आहे. दहाबो आमच्यात सगळ्यांच्या आधी इथे आली. तिला विचारलं तर फिनलंड तिनेच उघडून ठेवला आणि मागाहून फिन लोक राहायला आले. ती म्हणाली, "बाल्कनीत दोरी बांध. थंडीतसुद्धा कपडे वाळतात. बर्फ होतात आणि मग वाळतात."

म्हणून मी बाल्कनीत दोरी बांधली. इथे उंट कुठला, तेव्हा बैलाचं मांस, पण हलाल आणि ताजं. एकेका फऱ्याची न तुटता एकच लांब पट्टी कापायची ही आमच्या घरची रीत. मी गुडघ्यात सुरी धरून पट्ट्या कापल्या, हळद नाही काही नाही, नुसतं मीठ, आणि टांगल्या. अंगात पांढरा कोट, त्यावर शाल, पायात खिळ्यांचे बूट, कोटाला लोंबणारा तो चमकणारा बिल्ला, जो नसला तर गाडीवाले अंधारात आपल्याला उडवतात. बाल्कनीत कोण गाडी आणणार होतं? पण इफ्राने लावायला लावला.

सकाळी बघते तर मांसाच्या फळ्या झालेल्या. वारा आला की एकमेकींवर आपटून टक्‌ टक्‌ वाजायच्या. निळ्या-काळ्या शेपटीवाले पक्षी जमले. मी झाडू घेऊन बाहेर गेले. पक्षी उडाले, झाडू दोरीला लागला आणि एक हातभर फळी तुटून सरळ खाली गेली.

खालच्या बाल्कनीत केर्तू राहते. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ. अकरा वर्षं आम्ही वर-खाली राहत होतो आणि आमच्यात एकच शब्द झाला होता: "हेइ." तोही लिफ्टमध्ये. इथली माणसं वाईट नाहीत, पण शब्द असे वापरतात जणू जन्माला येताना मोजून मिळालेत. दारात केर्तू उभी. हातात सरपणाचा चिमटा, चिमट्यात माझं मांस.

"तुझं?" ती म्हणाली. इथे सगळे सगळ्यांना अरे-तुरे करतात, राष्ट्राध्यक्षालासुद्धा.

"माझं."

"हं." तिने ते माझ्या हातात दिलं आणि गेली. अकरा वर्षांतलं आमचं सगळ्यात लांब संभाषण, आणि ते अशा विषयावर. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

दहाबो म्हणाली, "मग दिवा लाव." हा दिवा मला इफ्राने दिला होता. त्याचं असं झालं, की मागच्या हिवाळ्यात मी सकाळी उठेनाशी झाले. उठून करायचं काय? खिडकीत रात्र, दुपारी जरा करडं होतं आणि परत रात्र. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, मोठे दोघे लंडन नि मिनेसोटाला, ज्याला त्याला आपापली थंडी. इफ्राने मला दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईने रक्त तपासलं, डोळे तपासले आणि सांगितलं की मला काही झालेलं नाही, नोव्हेंबर झालाय. गोळ्या दिल्या आणि म्हणाली, रोज सकाळी न्याहारीला प्रखर दिव्यासमोर बस, शरीराला वाटतं ऊन आहे.

माझ्या शरीराला इतकं सहजी फसवता येत नाही. पण मांसाला काय अक्कल! मी स्वयंपाकघरात दोरी बांधली, खाली दिवा ठेवला. दिसायला काय सुंदर दिसलं! सोनाराच्या दुकानात हार लावतात तशा पट्ट्या चमकत होत्या. दुसऱ्या दिवशीही तशाच, ओल्या. मी दिव्यावर हात ठेवला. गार. ज्या सूर्यावर हात ठेवता येतो तो सूर्य कसला?

इफ्रा सकाळी कॉफीला आली. दिव्यासमोर मांस, आणि मांसाच्या मागे मी. ती हसली नाही. म्हणाली, "होयो, मी गेल्यावर तू या दिव्यासमोर रोज बसशील ना?"

"बसेन की."

"खरं सांग."

"तू तुझी कॉफी पी. गार होतेय."

तिला काळजी कसली होती ते मला कळत होतं. पण या विषयावर बोलायला सुरुवात केली असती तर मांस राहिलं असतं बाजूला. लग्नघरात आईने रडायची वेळ ठरलेली असते, आणि ती न्याहारीची नाही.

तिसरी युक्ती माझी स्वतःची. तळघरात कपडे वाळवायची खोली आहे. भिंतीतून गरम वारा सोडतात. ऊन नाही, पण वारा तरी. सगळे कामावर गेलेले बघून मी दोऱ्या भरून टाकल्या. वारा भुर्रर्र सुटला आणि मांस डोलायला लागलं. मी स्टुलावर बसून जपमाळ ओढत होते. मन अगदी प्रसन्न. फक्त एक चूक झाली. कोपऱ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्रेवाल्याच्या चादरी होत्या, त्या मी बघितल्याच नाहीत. त्या दिवशी त्याचा कुत्रा चादरीवरून उठायला तयार होईना.

संध्याकाळी सोसायटीचा मॅनेजर आला. वेसा त्याचं नाव. तरुण आहे, पण चेहरा निवृत्त झालेल्या माणसाचा. बूट काढून आत आला, चहा घेतला, आणि बराच वेळ चहाकडेच बघत राहिला.

"वाळवायच्या खोलीत मांस होतं."

"होतं."

"नियमांत मांस नाही."

"म्हणजे बंदी नाही."

"सतरंज्यांना बंदी आहे," तो म्हणाला. "मांसाचं कोणी लिहिलंच नाही. असं कधी झालंच नाही."

"मग आता झालं."

तो फार दुःखी झाला. मलाच त्याची दया आली. मी त्याला आणखी एक सामोसा दिला. तो खाऊन तो म्हणाला की तिथे परत टांगू नकोस, आणि दारात बूट घालता घालता सहज बोलून गेला: "तुझा शुक्रवारचा सौनाचा तास आहे ना, तो तू कधीच वापरत नाहीस. दुसऱ्या कोणाला देऊन टाकू का?"

सौना म्हणजे तळघरातली लाकडी खोली. आत दगड तापवतात, वरच्या फळीवर नागडे बसतात, दगडांवर पाणी टाकतात आणि वाफ अंगावर घेतात. इमारतीतल्या प्रत्येक घराला आठवड्यात एक तास. अकरा वर्षांत मी त्या दाराकडे मान वर करून बघितलं नव्हतं. चारचौघांत कपडे काढून घाम गाळणं ही आमच्याकडे करमणूक नाही. पण माझा हक्काचा तास माझ्या तोंडावर दुसऱ्याला?

"मुळीच नाही," मी म्हटलं. "मी वापरणार आहे. या शुक्रवारपासून."

वेसा गेला आणि माझ्या डोक्यात ऊन पडलं. दगड तापवतात!

शुक्रवारी मी बादलीभर मांस घेऊन खाली उतरले. अंगात लांब झगा, डोक्यावर दोन ओढण्या, त्यावर शाल. दार उघडलं, आणि खरं सांगते, पाय उंबऱ्यातच थांबला. ती झळ. कोरडी, लाकडाच्या वासाची, थेट कपाळावर येऊन बसणारी. बुरओला भर दुपारी घरातून अंगणात पाऊल टाकलं की अंगणच आपल्याला असं हात लावून थांबवतं. मी दोऱ्या बांधल्या, पट्ट्या टांगल्या, खालच्या फळीवर बसले आणि डोळे मिटले. शाल काढली. मग एक ओढणी. मानेवरून घाम उतरला. हाडांत किती वर्षांचा बर्फ होता कोण जाणे, तो सुटायला लागला. मी त्या पट्ट्यांच्या खाली बसल्या बसल्या झोपले.

जाग आली ती दार उघडल्याने. दारात केर्तू. एका हातात पाण्याची लाकडी बादली, दुसऱ्या हातात टॉवेल. हातात, अंगावर नाही.

मी डोळे भिंतीकडे फिरवले. भिंतीवर मांस. दुसरीकडे फिरवले, तिकडेही मांस. एका बाजूला अल्लाने घडवलेली केर्तू जशीच्या तशी, दुसऱ्या बाजूला गळ्यापर्यंत झाकलेली मी, आणि मध्ये निम्मा बैल. माझा तास केव्हाच संपला होता. हा तिचा होता. वाटलं, आता पोलीस, वर्तमानपत्र, आणि ते वाचणारी खद्रा.

केर्तूने टॉवेल गुंडाळला. बहुधा माझ्यावर दया येऊन. मग जवळ येऊन एका पट्टीला बोट लावलं, बोट हुंगलं, आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

"आई करायची," ती म्हणाली. "ईस्टरच्या आधी. धुराच्या सौनात. डुकराचं."

डुकराचं मी ऐकलं नाही असं ठरवलं. "कुठे?"

"आमच्या घरी. सरोवराच्या काठी होतं."

"आता कोणाकडे आहे ते घर?"

"आता ते रशियात आहे," ती म्हणाली. लढाईत घर तिथेच राहिलं, देश सरकला. तिला लहानपणी गाडीत घालून इकडे आणलं होतं, एक गाय आणि कढई बरोबर घेऊन. हे मला तिने पुढे कधीतरी सांगितलं, एका वेळी एक वाक्य, तीन-चार शुक्रवार मिळून. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "वर टांगू नकोस. शिजेल. खाली टांग, दाराशी." आणि आम्ही दोघींनी सगळं मांस खाली घेतलं. मग ती वरच्या फळीवर चढून बसली. पाण्याची बादली बाजूलाच.

"पाणी नाही टाकत?" मी विचारलं.

"मांस भिजेल," ती म्हणाली.

सौनात बसून पाणी न टाकणं हे या लोकांत काय आहे, ते सांगून समजायचं नाही. आमच्यातल्या माणसाने बिनसाखरेचा चहा हसत हसत प्यावा, तसं काहीसं. तिने पूर्ण तास कोरडा काढला.

पण एका दिवसात वाळवण होत नसतं. शुक्रवारी कडा कडक झाल्या, आत ओल तशीच. रोज टांगायला हवं होतं आणि रोजचा तास दुसऱ्याचा. लग्न तोंडावर आलं होतं. तिकडून खद्राचा फोन: "मग अंबरो, वाळलं का? की घेऊन ठेवू बरणी?" मी म्हटलं, "इथे काय ऊन पडलंय म्हणून सांगू!" इफ्राने कपाळावर हात मारला.

त्याच आठवड्यात सोसायटीची वर्षाची बैठक होती. कॉफी आणि वेलचीचा पाव होता. या देशात मला पहिल्या दिवसापासून पटलेली एकच गोष्ट म्हणजे तो पाव. जिन्याचा रंग झाला, बर्फ उपसणं झालं, आणि मग कुत्रेवाला उठून म्हणाला, "मांस." एवढं बोलून बसला. वेसाने माझ्याकडे बघितलं.

मी उभी राहिले. भाषेच्या वर्गात मी बरेच हिवाळे बसलेय, पण तिथे मला 'केळ्यांचा भाव काय' आणि 'बस कुठे थांबते' शिकवलंय. मुलीचा हेढो काय असतो, हे कुठल्याच धड्यात नव्हतं. तरी जमेल तसं सांगितलं. माझी मुलगी जातेय. तिच्याबरोबर मी वाळवलेलं मांस गेलं पाहिजे. माझ्या गावात ऊन आहे, इथे नाही. इथे तुमच्याकडे सौना आहे. मला रोजचा तास पाहिजे, आणि तुम्ही आत आलात तरी दगडांवर पाणी टाकायचं नाही.

शेवटच्या वाक्याला खुर्च्या करकरल्या. मग शांतता. शांततेची ही माणसं मास्तर आहेत, पण अशी मी ऐकली नव्हती. म्हटलं, संपलं, आणि मनातल्या मनात खद्राच्या बरणीतल्या मांसाला मसाला घातला.

केर्तू उठली नाही. बसल्या बसल्याच म्हणाली, "माझा तास तिचा."

मग मागून कोणीतरी, "बुधवार आमचा. घे." एका जाड्या बाईने नुसतं बोट वर केलं: "गुरुवार." असे चमचे कॉफीत पडावेत तसे दिवस पडत गेले. शेवटी कुत्रेवाला जमिनीकडे बघून म्हणाला, "शनिवार. पण मी आत बसणार. पाणी नाही टाकणार. बसणार मात्र."

वेसाने वहीत काय लिहावं हे त्याला सुचेना. बहुतेक काहीच लिहिलं नसेल.

तर त्या शनिवारी कुत्रेवाला आणि त्याचे दोन मित्र माझ्या मांसाबरोबर कोरडे बसले. दहाबोला कळलं तेव्हा तिने तोंडावर ओढणी धरली. "अगं अंबरो! नागड्या पुरुषांसमोर वाळलेलं मांस नवरीच्या हेढोत?"

"मांसाला डोळे असतात का?" मी म्हटलं. "आणि तू हे खद्राला सांगितलंस, तर तुझ्या फिनलंडात तुला राहायला जागा उरणार नाही."

पुढे तर रोज कोणी ना कोणी तळघरात येऊन दार किलकिलं करायचं, मांसाकडे बघायचं, मान हलवायचं आणि जायचं. जाडी बाई एकदा नुसती म्हणाली, "रंग आला." आणि खरंच आला. अगदी आईच्या अंगणातला, जुन्या लाकडासारखा. एक पट्टी वाकवली, ती कट्‌ करून मोडली. मी तिथेच बसले. जी रडायची वेळ ठरवून ठेवली होती ती थोडी आधी आली, पण सौनात घाम कुठला आणि काय कुठलं, ते कोणाला कळतं?

मुक्मद तळलं त्या दिवशी सगळा जिना वेलचीने भरून गेला. इफ्राने भांडं धरलं, मी दोरी गुंडाळली. अवघड गाठीवर तिने बोट ठेवायचं आणि मी ओढायचं, लहानपणी तिच्या बुटांच्या नाड्या बांधताना ठेवायची तसं. एक फेरा, अजून एक, अजून एक. "होयो, पुरे," ती म्हणाली. "इतकी तर तंबूलासुद्धा लागत नाही." मी आणखी दोन फेरे घातले.

लग्न थाटात झालं, त्यात सांगण्यासारखं काही चुकलं नाही. सातव्या दिवशी खद्राच्या दिवाणखान्यात हेढो मधोमध मांडला. मी केर्तूला आगगाडीने बरोबर आणलं होतं. ती बायकांत पाठ ताठ करून बसली होती, मांडीवर नवरा-नवरीसाठी विणलेले लोकरी मोजे. दहाबोकडे छडी. गुलेदचे काका, मामा, चुलत भाऊ एकेक पुढे यायचे, दोरी चाचपायचे, दहाबो छडी मारायची: "चुकलं! गाणं म्हणा!" एका मामाचं गाणं ऐकून तर दंड आम्हीच भरावा असं वाटलं. तासभर झाला तरी टोक सापडेना. बायकांकडून हुर्रे चाललं होतं. खद्राचा चेहरा उतरत होता.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, सुरुवातीला. मग दोरी सुटेना तसा तो आनंद वेगळ्याच वाटेने गेला. म्हटलं, नाहीच सुटली तर? निकाह झाला, ठीक आहे. पण हेढो उघडला नाही तर मुलगी पुरती गेली नाही, असं कुठेतरी असेलच की. घेऊन जावं भांडं परत आगगाडीने. मुलगीही घ्यावी बरोबर. सकाळी ती कॉफीला येईल आणि म्हणेल, दिव्यासमोर बस.

गुलेदची पाळी आली. तो भांड्यासमोर गुडघे टेकून बसला, हात न लावता. इफ्रा बायकांच्या रांगेतून उठून माझ्याजवळ आली आणि कानाशी म्हणाली, "होयो. लोकांना भूक लागलीय."

टोक कुठे आहे ते तिलाही माहीत होतं. तिचंच बोट होतं गाठीवर. पण नवरीने सांगायचं नसतं, आणि ती सांगत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

माझी नजर भांड्याच्या बुडाशी गेली, डाव्या पायापाशी. मुद्दाम गेली की चुकून, ते मी कोणाला सांगणार नाही. गुलेद नर्स आहे. न बोलणाऱ्या माणसांच्या नजरा वाचायची त्याला सवय आहे. त्याने पायाखाली दोन बोटं घातली आणि टोक ओढलं. सगळी दोरी एका दमात सरसरून खाली आली.

पहिला घास खद्राने घेतला. चावला. थांबली. पुन्हा चावला.

"हे..." ती म्हणाली, आणि हेलसिंकी तिच्या चेहऱ्यावरून पार निघून गेलं. "हे माझ्या आजीच्या हातचं आहे." मग डोळे पुसून, आवाज ताळ्यावर आणून म्हणाली, "पण अंबरो, खरं सांगा. औलूत, डिसेंबरात, इतकं ऊन आलं कुठून?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात तिने केर्तूलाच गाठलं, फिनी भाषेत. "काय हो, तुमच्याकडे एवढं ऊन असतं?"

केर्तूने तोंडातला घास सावकाश संपवला. विचार केला. खोटं बोलणारी बाई नाही ती.

"शुक्रवारी," ती म्हणाली.

आता जानेवारी आहे. घर फार नीटनेटकं झालंय. कोणी पसारा करत नाही. सकाळी मी दिव्यासमोर बसते, कबूल केलं होतं म्हणून. इफ्रा रोज फोन करते आणि रोज तेच विचारते: होयो, उठलीस का, जेवलीस का, खिडकीबाहेर काय आहे. मी सांगते, अंधार आहे, छान आहे, अजून तिथेच आहे.

मांस संपलं, पण सौनातली दोरी वेसाने काढायला सांगितली नाही. माझा तास आणि केर्तूचा तास आम्ही जोडून घेतलाय. ती वरच्या फळीवर, मी खालच्या. ती टॉवेलात, मी झग्यात. दोरीवर माझी शाल टांगलेली असते. ती दर वेळी पाण्याच्या बादलीकडे बघते, मी मान हलवते, आणि मग ती पाणी टाकते.

मागच्या आठवड्यात इफ्राने बरेच फोन केले, मी एकही उचलला नाही. घाबरून तिने दहाबोला माझ्या घरी पाठवलं. नंतर माझ्यावर चिडली. "कुठे होतीस तू इतका वेळ?"

मी म्हटलं, "हे बघ होयो, शुक्रवारी दुपारी फोन करत जाऊ नकोस. शुक्रवारी मी उन्हात असते."